मोकळी फरशी आणि हातावरचा उजेड

बदलापूर पश्चिमेला जुन्या चार मजली इमारतींना लिफ्ट नाही. अशा इमारतीत नवा सोफा आला की तो सगळ्या जिन्याला कळतो. टेम्पो खाली उभा असतो, दोन हमाल सोफा कधी उभा तर कधी तिरका करून चढवतात आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो अडतो. कठड्याचा रंग खरवडतो, सोफ्याचं कापड उसवतं. शेवटी गच्चीवरून दोर सोडून बाल्कनीतून तो आत ओढून घ्यायचं ठरतं. पंचवीस वर्षांत मी हे इतक्यांदा पाहिलं आहे, की माझ्या लेखी घरासाठी फर्निचर निवडण्याचा प्रश्न दुकानात सुरू होत नाही, जिन्यात सुरू होतो.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही मध्य रेल्वेवरची ओळीने येणारी स्टेशनं. मुंबईच्या सीएसएमटीपासून ती अनुक्रमे ५८, ६० आणि ६८ किलोमीटरवर आहेत. इथे घर घेणाऱ्या बहुतेकांनी ते अंतर मोजून, रोजच्या दीड दीड तासाच्या प्रवासाची किंमत मान्य करून घर घेतलेलं असतं. बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये लाखाच्या आत होती, २०११ च्या जनगणनेत ती पावणेदोन लाखांच्या आसपास गेली. म्हणजे दहा वर्षांत हजारो कुटुंबांनी कर्ज काढून इथे पहिलं घर मांडलं. घराचा हप्ता, नोंदणी, सोसायटीची अनामत हे सगळं झाल्यावर हातात जे उरतं त्यात पलंग, कपाट, ओट्याखालच्या ट्रॉल्या आणि दिवे बसवायचे असतात. आणि डोळ्यांसमोर असतो बिल्डरने दाखवलेला सॅम्पल फ्लॅट. त्यात गहू-तांदळाचे डबे नसतात, पाहुण्यांच्या गाद्या नसतात, शिलाई मशीन नसतं, गणपतीचं मखर वर्षभर ठेवायला जागा लागत नाही. तिथलं सगळं देखणं असतं, कारण तिथे कुणी राहत नाही.

या भागातली शंभरेक घरं आतून पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. आपल्या घरातली सर्वांत महाग वस्तू म्हणजे मोकळी फरशी. चौरस फुटाच्या दराने आपण तीच विकत घेतलेली असते. म्हणून फर्निचर निवडताना पहिला प्रश्न ‘ते किती छान दिसतं’ हा नसावा. ते आल्यावर किती फरशी उरते, हा असावा. दिव्याबद्दलही तसंच. खोली किती उजळते यापेक्षा काम करणाऱ्या हातांवर किती उजेड पडतो, हे पाहावं. या दोन गोष्टी साधल्या की देखणेपण बऱ्याच अंशी आपोआप येतं.

उल्हासनगरच्या मुळाशीच जागेचा हा प्रश्न आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी तळ उभा राहिला. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळपास १ लाख माणसांना त्या तळाच्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते इथे नव्या नगराची पायाभरणी झाली आणि उल्हास नदीवरून त्याला उल्हासनगर हे नाव मिळालं. लांबलचक बराकींत एकेका छपराखाली अनेक कुटुंबं राहू लागली. जी माणसं सिंधमध्ये ‘पींघो’ म्हणजे झोपाळ्यावर बसत होती, ज्यांच्या देशात हाला गावचं लाखेचं रंगीत लाकूडकाम घराघरांत होतं, त्यांना ट्रंक आणि वळकटीवर संसार पुन्हा मांडावा लागला. त्याच वसाहतीत पुढे फर्निचरचा असा बाजार उभा राहिला, की कर्जत-कसाऱ्यापर्यंतचे लोक लग्नसराईत पलंग आणि कपाट घ्यायला इथे येतात. घर हरवलेल्यांनी इतरांची घरं सजवण्याचा धंदा उभा केला, ही या शहराची मोठी गोष्ट आहे. ती पुरेशी सांगितली जात नाही. (लाखेचं काम आपल्याकडे सावंतवाडीलाही आहे. तिथले रंगीत पाट आणि चौरंग पाहिले की हाला आणि सावंतवाडी एकमेकांना ओळखत असतील असं वाटतं.)

मराठी घरांकडेही लहान जागेचं शहाणपण होतं. वाड्यात भिंतीच्या जाडीतच फडताळ असायचं, कोनाडा आणि खुंटी असायची. ती फरशी अडवत नसत. पाट जेवणापुरता मांडायचा आणि भिंतीला उभा करून ठेवायचा. अंथरुणाची सकाळी वळकटी व्हायची आणि रात्रीची निजायची खोली दिवसा माजघर व्हायची. एका खोलीकडून चार कामं करून घेण्याची ही रीत आपण ‘बेडरूम’ हा शब्द आल्यावर सोडून दिली. आता दहा बाय दहाच्या खोलीचा निम्मा भाग पलंग चोवीस तास अडवून बसतो आणि मुलं अभ्यासाला त्याच पलंगावर पाठ वाकवून बसतात.

जरा मापं घेऊन पाहू. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीची किमान रुंदी २.४ मीटर आणि किमान क्षेत्रफळ ९.५ चौरस मीटर दिलं आहे. फुटांत सांगायचं तर रुंदी जेमतेम ७ फूट १० इंच आणि क्षेत्रफळ सुमारे १०२ चौरस फूट. आपल्याकडच्या वन बीएचकेमधली निजायची खोली याच्या आगेमागेच असते. डबल बेडचं नेहमीचं माप ५ फूट बाय सव्वासहा फूट. तो एका लांब भिंतीला चिकटवून ठेवला तर समोर २ फूट १० इंच उरतात. समोरच्या भिंतीला २ फूट खोल कपाट लावलं की मध्ये उरतात १० इंच. कपाटाचं दार उघडणारच नाही! तरीही हे दोन्ही समोरासमोर ठेवलेली घरं मी पाहिली आहेत. तिथे माणूस पलंगावर गुडघे टेकून कपाटातला शर्ट काढतो. उपाय अवघड नाही. कपाट आखूड भिंतीला, पलंगाच्या पायथ्याशी लावायचं, किंवा सरकत्या दाराचं करायचं, किंवा ५ फुटांऐवजी ४ फुटांचा पलंग घ्यायचा. पण त्यासाठी दुकानात जाण्याआधी माप हवं.

एक सोपी पद्धत सांगतो. घरातली रद्दी घ्या, पलंगाच्या, सोफ्याच्या, टेबलाच्या मापाचे तुकडे चिकटपट्टीने जोडून फरशीवर पसरा आणि दोन दिवस त्यांच्याभोवती फिरा. माणसाला आरामात जायला दोन-अडीच फुटांची वाट लागते. हातात पाण्याची कळशी किंवा कडेवर मूल असेल तर जास्तच. दोन दिवसांत कळतं की टीपॉय नकोच आहे, किंवा सोफ्याचा ‘एल’ भाग बाल्कनीच्या दारात येतो. हे रद्दीवर कळलं तर फुकट कळतं.

लांबी-रुंदीइतकीच उंचीही महत्त्वाची, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. सध्या बुटक्या सोफ्यांची आणि दिवाणांची फॅशन आहे. खोली मोठी दिसते हे खरं, पण जमिनीपासून १३-१४ इंचांवर बसलेल्या सत्तरीच्या आजीला उठताना हाताचा आधार मागावा लागतो. बैठकीची उंची १७-१८ इंच असली आणि एका बाजूला तरी घट्ट हात असला की तिला कुणाला हाक मारावी लागत नाही. लिहिण्याचं टेबल साधारण ३० इंच. ओट्याचं माप तर घरात जी व्यक्ती सर्वांत जास्त वेळ उभी राहते तिच्या कोपरावरून ठरवावं. कोपर जमिनीपासून जितका उंच, त्याच्या चारेक इंच खाली ओटा असला की पोळ्या लाटताना खांदे वर येत नाहीत. बिल्डर सगळ्यांना एकाच उंचीचा ओटा देतो. पाच फुटांच्या बाईला तो चालून जातो, साडेपाच फुटांच्या बाईची कंबर त्यावर दुखते. वीस वर्षांच्या पोळ्यांचा हिशेब केला तर हे दोन-तीन इंच कुठल्याही सनमायकापेक्षा महत्त्वाचे आहेत.

आता बाजाराकडे. या भागातल्या माणसापुढे ढोबळमानाने चार वाटा आहेत. पहिली, उल्हासनगर कॅम्प नंबर २ मधला फर्निचर बाजार. पुढे दुकान आणि मागे किंवा जवळपास कारखाना, असा तिथला बराचसा कारभार. सोफ्याचा सांगाडा, फोम, कापड, पत्र्याचं कपाट सगळं तिथल्या तिथे होत असल्याने माप सांगून बनवून घेता येतं. हे त्याचं खरं बळ आहे आणि गिऱ्हाईक ते वापरत नाही. मांडलेल्यातूनच उचलतं. दुसरी वाट घरी सुतार बसवण्याची. तिसरी कंपन्यांची तयार दुकानं आणि इंटरनेट. नवी मुंबईत तुर्भ्याला १८ डिसेंबर २०२० रोजी आयकियाचं दुकान उघडलं तेव्हापासून बदलापूरचीही कुटुंबं रविवारी तिकडे जाऊ लागली. चौथी वाट जुनं फर्निचर दुरुस्त करून वापरण्याची. तिला कमीपणा मानतात, पण मला ती फार आवडते. आजोबांच्या सागवानी पलंगाचे पाय कापून, पॉलिश करून केलेला दिवाण पुढची तीस वर्षं सहज टिकतो.

आयकियाकडून आपल्या बाजाराने एक गोष्ट घ्यावी असं मला मनापासून वाटतं. तिथे वस्तूची लांबी, रुंदी, उंची आणि ती कशाची केली आहे हे लिहिलेलं सापडतं. त्या सामानाला आपली हवा किती मानवते हा वेगळा मुद्दा. त्यातलं बरंच सामान पार्टिकल बोर्डाचं असतं आणि ओल्या फडक्याच्या स्वयंपाकघरात ते जपावं लागतं. पण गिऱ्हाईकाला काय विकतोय हे सांगण्याची रीत चांगली आहे. आमच्याकडे एकदा सोफा घेतला. दोन वर्षांत बैठक खचली. कापड उसवून पाहिलं तर आत फोमची सलग शीट नव्हतीच, कातरलेले तुकडे दाबून भरले होते. दुकानदाराने तोंडी ‘चाळीस डेन्सिटी’ सांगितलं होतं, बिलावर मात्र फक्त ‘सोफा सेट, १ नग’ असं होतं. चूक आमचीही होती. तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगतो, की बिलावर लिहून घ्या. फोमची डेन्सिटी किती, म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन किती किलो. बसायच्या जागी ३२ च्या खाली जाऊ नका, रोजच्या वापराला ४० चांगली. पत्र्याचं कपाट असेल तर गेज लिहून घ्या. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, म्हणजे २० गेज हा २२ पेक्षा जाड. गोदरेजने १९२३ मध्ये पोलादी कपाट काढलं आणि आपल्याकडे ‘गोदरेज’ हा कपाटाला प्रतिशब्दच झाला. शंभर वर्षांनंतरही वाळवी, उंदीर आणि पाऊस यांच्यापुढे टिकणारं, घर बदलताना बरोबर नेता येणारं ते सर्वांत भरवशाचं सामान आहे. त्याला बाहेरून चांगला मॅट रंग दिला तर ते देखणंही दिसतं.

सुतारकामात फसगत प्लायमध्ये होते. प्लायवर आयएसआयची खूण आणि मानकाचा क्रमांक असतो. आयएस ३०३ हा साधारण घरातल्या वापराचा, आयएस ७१० हा पाण्याला टिकणारा, ज्याला बाजारात मरीन म्हणतात. त्याची चाचणी ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून होते. ओट्याखाली, सिंकजवळ, न्हाणीघराच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ७१० घ्या. दिवाणखान्यातल्या शेल्फला ३०३ पुरतो, तिथे मरीनचे पैसे घालू नका. खुणेजवळचा परवाना क्रमांक बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर तपासता येतो, दोन मिनिटांचं काम आहे. प्लाय किती लागेल याचा हिशेबही स्वतः करून पाहावा. एक शीट ८ बाय ४ म्हणजे ३२ चौरस फूट. ६ फूट रुंद, ७ फूट उंच, २ फूट खोल कपाटाच्या बाजू, मधला पडदा, वरखालचे तळ, कप्पे आणि दारं मिळून सुमारे १४० चौरस फूट भरतात. कापताना वाया जाणारं धरून ५ शीट. मागचा पातळ प्लाय वेगळा. कुणी ८ शीट सांगितल्या तर कशाला, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. चांगला सुतार या प्रश्नाने रागावत नाही, खूश होतो, कारण समोरच्याला काम कळतं हे त्याला दिसतं.

भाड्याने राहणाऱ्यांसाठी मात्र माझा सल्ला सरळ आहे. अकरा महिन्यांच्या करारावर भिंतीत ठोकलेलं काहीही करू नका. नटबोल्टवर उघडणारा पलंग, पत्र्याचं कपाट, स्टीलची मांडणी आणि घडीचं टेबल. एवढ्यात संसार चांगला होतो आणि छोट्या टेम्पोत बसतो.

या तिन्ही गावांत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, ती म्हणजे पाणी. वालधुनी अंबरनाथच्या शिवमंदिराशेजारून उल्हासनगरात शिरते, उल्हास बदलापूरला वळसा घालते. २६ जुलै २००५ च्या पुरात या नद्यांनी काय केलं ते तळमजल्यावरचा कुणीही सांगेल. जुलै २०१९ मध्ये तर बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. पूर ओसरल्यावर रस्त्याच्या कडेला फुगून लगदा झालेले पार्टिकल बोर्डाचे बॉक्स-बेड पडले होते. लग्नात घेतलेले असतील, कुणी हप्त्यांवर घेतलेले असतील. ते पाहून वाईट वाटतं. नदीकाठच्या तळमजल्यावर राहत असाल तर पोकळ बॉक्सचा पलंग घेऊच नका. सागाच्या किंवा लोखंडी पायांवर उभा असलेला, खालून झाडू फिरेल असा पलंग घ्या. कपाट पायांवर घ्या, प्लगचे पॉइंट वर घ्या. पाय असलेल्या फर्निचरचा एक जास्तीचा फायदा म्हणजे खालची फरशी दिसत राहते आणि खोली मोठी वाटते. पूर नसलेल्या चौथ्या मजल्यावरही हे खरं आहे.

उन्हाळा तर सगळ्यांनाच आहे. एप्रिल-मेमध्ये बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. अशा हवेत रेक्झिनचा सोफा म्हणजे शिक्षा. घामाने पाठ चिकटते. वेताने विणलेली पाठ आणि सुती गादी हे आपल्या हवेचं उत्तर आहे. चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी पियर जाँनरे या स्विस वास्तुकाराच्या देखरेखीखाली साग आणि वेताच्या खुर्च्या बनल्या. आज त्या परदेशात लिलावात मोठ्या किमतीला जातात. त्यांचं सौंदर्य हवा खेळती ठेवणाऱ्या विणीत आणि तिरक्या, भक्कम पायांत आहे. तशी वेताची खुर्ची विणणारे कारागीर आपल्याकडे अजून आहेत. बांबूचं फर्निचर कुडाळच्या ‘कॉनबॅक’ने बऱ्या दर्जाला नेलं आहे. पूर्ण बांबूच्या किंवा वेताच्या फर्निचरवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला, हीही चांगली गोष्ट झाली.

आता दिव्यांबद्दल, कारण तिथे आपण सर्वांत जास्त चुकतो. माझी आई आयुष्यभर ट्यूबलाईटच्या खाली भाजी निवडत आली, तरी तिला नेहमी वाटायचं की उजेड कमी आहे. एक दिवस तिच्याशेजारी ओट्यापाशी उभा राहिलो तेव्हा कळलं. ट्यूब तिच्या पाठीमागच्या भिंतीवर होती आणि विळीवर, कढईवर, तांदळाच्या ताटावर तिची स्वतःची सावली पडत होती. तिच्या सगळ्या स्वयंपाकावर तीस वर्षं सावली होती. ओट्यावरच्या कपाटाखाली, पुढच्या कडेला एक एलईडी पट्टी लावली. तिने तांदूळ निवडायला घेतले आणि म्हणाली, ‘‘अरे, खडा दिसतो रे आता.’’ हा खर्च एखाद्या हॉटेलातल्या जेवणापेक्षा कमी होता.

५ जानेवारी २०१५ रोजी ‘उजाला’ योजना सुरू झाली आणि एलईडी बल्ब घराघरांत पोचला. ९ वॉटचा एलईडी जुन्या ६० वॉटच्या पिवळ्या बल्बइतका, म्हणजे ८०० लुमेनच्या वर उजेड देतो. वीज इतकी वाचली, की उजेड एकदम स्वस्त झाला. त्यामुळे आपण विचार करायचं सोडलं आणि छतावर पांढरे दिवे वाढवत गेलो. पण १० बाय १२ च्या खोलीचं गणित करून पाहा. खोली ११ चौरस मीटरची. २० वॉटची एलईडी ट्यूब साधारण २००० लुमेन देते. भिंती, छत, धूळ यांत काही उजेड जातो आणि खोलीभर सरासरी १०० लक्सच्या, म्हणजे दर चौरस मीटरला १०० लुमेनच्या, आसपास पोचतो. वावरायला, गप्पा मारायला तो पुरे. वाचन-लेखनाला साधारण ३०० लक्स लागतात. म्हणजे मुलाच्या वहीवर तिप्पट उजेड हवा. त्यासाठी छतावर तीन ट्यूब लावायच्या नसतात. अंतर दुप्पट झालं की छोट्या दिव्याचा उजेड एक चतुर्थांश होतो, आणि हेच उलटं केलं की अंतर कमी करून थोड्या वॉटमध्ये भरपूर उजेड मिळतो. वहीपासून दीड फुटावर ५-७ वॉटचा टेबल लॅम्प त्या मुलाचं काम भागवतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या तो डावीकडे असावा, म्हणजे हाताची सावली अक्षरावर येत नाही.

अंबरनाथच्या शिवमंदिरात १०६० पासून हेच कळलेलं आहे. सभामंडपात मंद उजेड असतो, तिथून वीसेक पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जायचं आणि वर उघड्या असलेल्या भागातून उजेड खाली येतो तो नेमका हवा तिथे. अंधार राखल्यामुळे उजेडाला अर्थ आला. घराला देवळाचे नियम लागू होत नाहीत, पण सगळीकडे सारखा पांढरा उजेड म्हणजे चांगली प्रकाशयोजना हा गैरसमज तिथे उभं राहिलं की जातो.

खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ४००० मधला, ६५०० निळसर पांढरा. आपल्याकडे मागितल्याशिवाय ६५०० च देतात. ओट्यावर आणि अभ्यासाला ४००० चांगला. निजायच्या खोलीत आणि रात्री बसायच्या जागी ३००० च्या वर जाऊ नये, कारण निळसर उजेडाने झोप उशिरा लागते. ज्याला पहाटेची लोकल पकडायची आहे त्याने रात्री दहा वाजता ६५०० च्या उजेडात बसणं म्हणजे स्वतःची झोप कमी करणं. दुसरा आकडा सीआरआय, रंग किती खरे दिसतात त्याचा. तो ८० च्या वर हवा, ९० मिळाला तर उत्तम. उल्हासनगरच्या गजानन मार्केटमध्ये आवडलेली साडी घरी आल्यावर वेगळीच दिसते, त्यात हा आकडा असतो. आरशाजवळचा दिवा तरी चांगल्या सीआरआयचा घ्या, आणि तो आरशाच्या वर न लावता दोन्ही बाजूंना लावा, म्हणजे डोळ्यांखाली सावल्या पडत नाहीत.

फॉल्स सीलिंगबद्दल मला स्पष्ट सांगायचं आहे. नऊ फुटांच्या छताच्या लहान घरात पीओपीचं छत करू नये. सहा इंच उंची जाते, पंखा खाली येतो आणि उन्हाळ्यात ते जाणवतं. खोबणीत लपवलेल्या पट्ट्यांवर धूळ बसते, त्या लावणंही वर्षभरात बंद होतं. गोल स्पॉटलाईट पंख्याच्या पात्यांच्या वर आले तर खोलीभर सावल्यांचा लपंडाव चालतो आणि डोकं दुखतं. तेच पैसे जास्तीच्या प्लग पॉइंटवर, पलंगाजवळच्या टू-वे स्विचवर, चांगल्या बीएलडीसी पंख्यावर घाला. तो तीसेक वॉटमध्ये चालतो, जुना पंचाहत्तर घेतो. इन्व्हर्टरवर फरक लगेच कळतो.

आणि एक दिवा या भागातल्या प्रत्येक घरात हवा, तो म्हणजे पहाटेचा. कुणीतरी चार-साडेचारला उठतं. डबा करायचा असतो, आंघोळ उरकायची असते आणि बाकीचं घर त्याच खोलीत झोपलेलं असतं. मोठा दिवा लावला की बाळ उठतं, म्हणून डबा करणारी बाई अंधारात चाचपडत कपडे शोधते. पलंगाच्या पायाशी, फरशीपासून फूटभर उंचीवर अर्ध्या-एक वॉटचा पिवळा दिवा, कपाटाचं दार उघडल्यावर आत लागणारी छोटी पट्टी आणि ओट्याच्या दिव्याला वेगळं बटण. एवढ्यावर तिची पहाट बदलते. कुठल्याही सॅम्पल फ्लॅटमध्ये मी हा दिवा पाहिलेला नाही.

देखणेपणाचं फार सांगण्यासारखं नाही. भिंती फिकट ठेवा, पांढरी भिंत उजेडाचा मोठा भाग परत देते, गडद भिंत गिळते. सनमायकाचे दोन रंग पुरेत, चार नकोत. चकचकीत फिनिशपेक्षा मॅट बरं, त्यावर बोटं उठत नाहीत आणि दिवा डोळ्यांत परावर्तित होत नाही. एक भिंत पूर्ण रिकामी ठेवा. तेवढं धैर्य बहुतेकांना होत नाही, पण ज्या घरात ती आहे तिथे आत पाऊल टाकताच बरं वाटतं.

तर येत्या रविवारी बाजारात जाणार असाल तर खिशात एक कागद ठेवा. खोलीची लांबी-रुंदी, दाराची रुंदी, जिन्याच्या वळणाचं माप, ओट्यापाशी उभं राहणाऱ्या व्यक्तीच्या कोपराची उंची, एवढं त्यावर लिहा. टेप बरोबर घ्या. आणि घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला, आजीला किंवा आजोबांना, कष्ट पडले तरी रिक्षाने घेऊन जा. आवडलेल्या सोफ्यावर त्यांना बसवा आणि कुणी हात न देता उठायला सांगा. ते उठले तरच पैसे द्या.